चपला बाहेर, दयाराम आत

भिलाई, सेक्टर ६
१९ सप्टेंबर १९९०

प्रिय नलू,

अनेक आशीर्वाद. पोरीनं लिहावं, ‘बाबा, मला अरुणकुमारशीच लग्न करायचंय, तुम्ही हो म्हणा,’ आणि बापानं त्याची जन्मवेळ मागवावी, ती आल्यावर दोन महिने तोंडात गुळणी धरून बसावं, हे काही शोभलं नाही. तू रागावली असशील. पण आधी माझी फजिती ऐक, म्हणजे तुझा थोडा तरी राग हसण्यावारी जाईल.

उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी खोली, एसी, निळे पडदे. आम्ही माणसं मात्र खडखडणाऱ्या पंख्याखाली. महिनाभरात कोणी त्यावर भाच्याचा बायोडाटा छापला, कोणी पत्त्यांचा डाव मांडला, आणि शामसुंदरसाहेबांनी मला सर्क्युलर लिहायला बसवलं. माझ्या इंग्रजीचा मला केवढा अभिमान, ते तू जाणतेसच. जीव ओतून लिहिलं. खासगी काम सक्त मना. धूळ आत जाऊ नये म्हणून चपला-बूट दाराबाहेर. साहेब खूश झाले आणि मी आठवडाभर छाती काढून फिरलो.

इकडे खिशात तुमच्या दोघांच्या जन्मवेळा! गुरुजींकडे जावं, तर संध्याकाळपर्यंत सेक्टरभर बोभाटा. कॉम्प्युटर चालवणाऱ्या हिराताईंजवळ पत्रिका जुळवायची फ्लॉपी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण ती बंद करा असं साहेबांना मीच सांगितलं होतं. काल जेवणाच्या सुट्टीत त्यांना गळ घातली. ‘काकाजी, तुमीच तर बंद करवलं ना, मंग आता कावून आले?’ म्हणून त्या पोट धरून हसल्या, पण बसल्या मशीनवर. प्रिंटर करकरला, कागद बाहेर आला आणि दारात साहेब! त्यांना कसं कळलं म्हणतेस? अगं, दाराबाहेर माझ्या चपला होत्या, अंगठा तारेनं बांधलेल्या. सगळं ऑफिस ओळखतं त्यांना: चपला बाहेर, म्हणजे दयाराम आत. नियम मोडायला गेलो, तोही नियमानं चपला काढून.

साहेबांनी कागद वाचला नाही. ‘घरचं आहे, घरी न्या,’ म्हणाले आणि घडी करून माझ्या हातात दिला. हिराताईंना काही बोलले नाहीत. मला मात्र मेमो मिळाला, आणि तो टाइपही मलाच करावा लागला. टाइप करताना माझंच मला हसू आवरेना.

घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘आपले तेहतीस गुण जुळले होते, तरी सव्वीस वर्षं भांडूनच राहिलो ना आपण? तुमाले पोरीचं सुख पाह्यजे का कागद?’ खरं सांगतो नलू, पोरात मला कधीच खोट दिसली नाही. मे महिन्यात तो तुला स्टेशनवरून सोडायला आला आणि आईच्या हातची तिखटजाळ भाजी डोळ्यांतून पाणी काढत दोनदा मागून खाऊन गेला, तेव्हाच मला आवडला होता. मला न विचारता तू एवढं मोठं ठरवलंस, तेच लागलं होतं मनाला. पत्रिका नुसतं निमित्त.

म्हणून हे पत्र, नलू. तो कागद मी घडी न उघडता शेगडीत घातला. किती गुण जुळले, ते हिराताईंनाही विचारणार नाही. दिवाळीत अरुणकुमारला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन ये. तुझी आई आत्तापासूनच अनारशाचं पीठ करायला निघाली आहे. माझं हो आहे, अगदी मनापासून हो. त्याला सांग, सासऱ्याचा होकार दोन महिने उशिरा आला, पण पत्रिका न पाहता आला.

तुझेच,
बाबा