पट्टीला घातलेले टाके

आई,

आजपासून माझ्याही पायांना पट्ट्या. तुला होती तिथेच, डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, जखम झाली आहे आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही पाय सुजून जड होतात. इतकी वर्षं वर्गात उभं राहून शिकवलं, त्याचं हे, असं डॉक्टर म्हणाले. ड्रेसिंगला येणारी मुलगी बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधते आणि जाताना बजावते, "आजी, सोडायची नाही हं. सूज उतरल्याशिवाय जखम भरत नाही." हेच मी तुला रोज ऐकवायचे. तिला तसं सांगण्याचाही आज कंटाळा आला.

तेव्हाची लालबागची आपली खोली. सकाळचे सहा. तू पाय खाली टेकवण्याआधी पट्टी बांधायची, असं दवाखान्यात सांगितलंय. महिन्याभरात जखम भरली नाही तर ॲडमिट करून मांडीची कातडी लावावी लागेल, असंही. ते ऐकल्यापासून तुझं जेवण अर्ध्यावर आलंय. म्हणून मी हट्टाला पेटले आहे. पट्टी बांधून शाळेत जाते, संध्याकाळी येऊन बघते तर ती घोट्याशी गोळा झालेली, तळव्याला ओली, जखमेचं पाणी साडीच्या काठाला लागलेलं.

"पुन्हा सोडलीस?"

"आपसूक सुटता गो."

"पट्टीला हात आहेत का?"

"मास्तरीण तू. तुकाच ठाऊक."

रविवारी मी घरी होते म्हणून कळलं. गॅलरीच्या टोकाच्या संडासातून तू आलीस, मोरीत बसलीस, अख्खी पट्टी उलगडलीस आणि पाय धुतलेस. मग ती तुझ्या हाताने कशीबशी गुंडाळलीस. मी ओरडले. तू शांतपणे म्हणालीस, "तसल्या पायांनी घरात फिरू काय? थंय देव आसत." दहा बाय बाराच्या खोलीत मोरीपासून देव तीन पावलांवर होते, आणि पाय न धुता मीही कधी आत आले नव्हते. तरी म्हणाले, "देवाला चालेल."

"देवाक चलात. माका चलना नाय."

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधल्यावर मी सुईदोरा घेतला आणि तिचं टोक शिवून टाकलं. दुहेरी दोरा, बारीक टाके, उसवले तर लगेच दिसावेत असे. त्या संध्याकाळी एकही टाका हलला नव्हता. मग रोज संध्याकाळी मी टाके कापून पट्टी उतरवली की तू आधी लगबगीने गॅलरीच्या टोकाला जायचीस. सूज उतरली. डॉक्टरांनी विचारलं, "टाक्यांची युक्ती कुणाची?" आणि तू माझ्याकडे बोट दाखवलंस. महिना संपायच्या आत जखम भरली. ॲडमिट व्हावं लागलं नाही. ही गोष्ट मी पुढे शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने सांगत असे.

आज त्या मुलीला विचारलं, पाय धुवायचे कसे? इथे संडास बेडरूमला लागून आहे, तरी सवय जात नाही. ती हसली. "आजी, जाताना मोठी प्लास्टिकची पिशवी चढवा, वरून चप्पल. आल्यावर पिशवीसकट पाय धुवा आणि मग ती काढा." इतकंच होतं. मी बी.ए., बी.एड., मला हे सुचलं नाही, असं म्हणून दिवसभर स्वतःला समजावत बसले.

पण ते खरं नाही. टाके घालायला लागून आठवडा झाला असेल, तेव्हा शेजारच्या काकूंनी मला जिन्यात थांबवलं होतं. "अगो, तुझी आवस दिवसभर पाणी पिना नाय. संडासाक जावक लागात म्हणान. तू येईसर तशीच बसान रवता." मी बघते म्हणाले. वर आले. तू पाय पुढे करून म्हणालीस, "आज पण सुटूक नाय, बग." तुझे ओठ कोरडे होते. मी टाके मोजल्यासारखे पाहिले आणि मला बरं वाटलं. पाण्याचा विषय काढला नाही. काढला असता तर शिवणं बंद करावं लागलं असतं, आणि जखम भरत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पुन्हा सुई ओवली. तू असतीस तर हे तुला सांगितलं नसतं.