सहा ते सात मशीन बंद

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

हॅम रेडिओची अँटेना बसली. गच्चीवर लांब तार ओढायला घरमालक नाही म्हणाले, उभी काठी बाल्कनीत मावेना, म्हणून तुम्ही सुचवलेले गोल कडेच केले. तांब्याची नळी वाकवून जेमतेम दोन हात रुंद. कठड्याच्या लोखंडापासून दूर, लाकडी स्टुलावर बांधले. चार वेळा मोजले. आई म्हणते, शाळेत इतके लक्ष दिले असते तर पुढे शिकला असतास.

पण कामावरून येऊन सहाला तुमच्या वेळेवर सेट लावला, की नुसती घरघर. तुमचा आवाज त्यात बुडतो. पंधरा दिवस वहीत वेळा टिपल्या. खालच्या शिंपीणबाईंचे मशीन तेव्हाच चालते. म्हणून नोंदी जोडून घरमालकांकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी बाईंना सहा ते सात मशीन बंद ठेवायला लावले आहे.

मामींना नमस्कार. माया आहे तशीच असू द्यावी.

तुमचा भाचा

ता. ११ फेब्रुवारी

चि. भाचेबुवांस,
अ. उ. आ.

वहीचे कौतुक वाटले. पण मशीन बंद झाल्यावर घरघर थांबली का, हे लिहायचे विसरलास, की लिहवले नाही? सेट बॅटरीवर लाव आणि आपल्याच घराचा मुख्य स्विच बंद करून बघ. हे तुला आधीच सांगायला हवे होते, तेवढी चूक माझी. मामी विचारते, वेळेवर जेवतोस की नळीच चावतोस?

मामा

ता. १९ फेब्रुवारी

ती. मामांस,
कृ. सा. न. वि. वि.

थांबली नव्हती. लिहवले नाही.

स्विच बंद करताच तुम्ही समोर बसल्यासारखे ऐकू आलात. मग एकेक वस्तू चालू करत गेलो. घरघर माझ्या टेबलावरच्या दिव्याची निघाली. तक्रार मी त्याच्याच उजेडात लिहिली होती.

बाई राहिलेले काम पहाटे उठून उरकतात, असे आईकडून कळले. दोन दिवस त्यांच्या दारावरून चपला हातात घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशी दार वाजवले. सगळे सांगितले, वहीही दाखवली. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, की अक्षर चांगले आहे, पण इतके लिहिण्यापेक्षा एकदा खाली येऊन विचारायचे होतेस.

घरमालकांना चूक माझी होती असे लिहून दिले, दिवाही काढून टाकला. तरी काल सहाला खाली शांतताच होती. त्या शांततेत माझ्याने माईक हातात धरवला नाही. तुम्ही वाट पाहिली असेल. क्षमा असावी.

तुमचा भाचा

ता. २७ फेब्रुवारी

चि. भाचेबुवांस,
अ. उ. आ.

काल सव्वासहाला तुझा आवाज स्वच्छ आला. बाल्कनीचे दार उघडे असावे, कारण तुझ्या मागे खालचे मशीन चाललेले ऐकू येत होते. बोलता बोलता तू दोनदा थांबलास. मीही मुद्दाम मध्ये बोललो नाही.

दार उघडेच ठेवत जा.

मामा