मुक्याची नोकरी

भाजे,
मंगळवार

प्रिय अमृत,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कैलासच्या हातात हे पत्र देतेय. चुलतभावावर तरी तुझा राग नाही ना? वाचल्याशिवाय फाडू नको, तुला माझ्या गळ्याची शपथ. आबांनी पाच दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. पाणीसुद्धा ओठ ओले करण्यापुरतं, तेही मी पाठ फिरवली तरच. लोणावळ्याच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईनवर ठेवलं, तिथं सुई उपटून टाकली, नाकातली नळी ओढून काढली. कुठं दुखतंय म्हणून डॉक्टरांनी किती विचारलं, पण हूं नाही की चूं नाही. घरी घेऊन जा म्हणाले. आणलं, आणि आता हातावर हात धरून बसलेय.

तू म्हणशील, त्यात नवं काय, म्हातारा कधी बोलला होता? तीन वर्षांपूर्वी तुझ्या ओंकारचा सैन्यभरतीचा फॉर्म त्यांनी टराटरा फाडला, आणि तू उंबऱ्यात उभा राहून विचारत होतास, का फाडलात, एकदा कारण सांगा. ते खाली बघत बसले. "असला मुका बाप असण्यापेक्षा नसलेला बरा," म्हणालास आणि पोराला घेऊन चाकणला गेलास. माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. गिळलं. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांना शब्द दिला होता मी, तू जन्मालाही आला नव्हतास तेव्हा. आज तो मोडतेय. खरं तर आधीच मोडलाय, तेच सांगायचंय.

एकाहत्तरच्या लढाईआधी सात-आठ महिने तुझे आबा पलटणीत नव्हतेच. त्यांना पूर्वेच्या सरहद्दीपलीकडे हेर म्हणून धाडलं होतं. तिकडची भाषा येईना, म्हणून त्यांना धाडणाऱ्या फौजेतल्या साहेबांनी तोड काढली, हा मुका. मुक्याला कोण बोली विचारतो? रेल्वे फाटकाजवळ चहाची टपरी टाकून दिली. मळवलीच्या रुळाशेजारी वाढलेला माणूस, डबे मोजणं हा लहानपणचा खेळच. फौजेच्या गाड्या जायच्या, हे डबे मोजायचे, आणि चहाला येणाऱ्या एका माणसाला बोटांनी आकडा सांगायचे. मुका हातवारे करतोय, त्यात कुणाला काय वावगं वाटणार! पण कुणीतरी चुगली केली. पाच महिने कोठडीत होते. डाव्या पायाची बोटं अशी वाकडी का, असं तू लहानपणी विचारायचास, आणि बैलानं पाय दिला म्हणून मी सांगायचे. बैल कसला, माणसांनीच मोडली ती. ओरडताना तोंडून "आई गं" निघालं तर सगळं संपलं, म्हणून हा माणूस ओरडलाच नाही.

लढाई संपली, आपली फौज तिथं शिरली, कोठडीची दारं उघडली. तरी हे गप्पच! आपल्याच जवानांनी जेवू घातलं, नाव विचारलं, तरी आठ दिवस मुकेच राहिले. कारण साहेबांची ताकीद होती, मी स्वतः येऊन सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही. साहेब शोधत आले, पुढ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "भिमाजी, काम झालं. आता बोल." तेव्हा तासभर रडले म्हणे. आयुष्यात एकदाच सांगितलं मला हे. ओंकारचा फॉर्म का फाडला, ते आता तुझं तू समज.

गेली दोन वर्षं त्यांची आठवण जात चाललीय. आधी कालचं गेलं, मग घरातलं, मग मी. उरलं ते तिथलंच. होळीपासून बोलणं बंद झालं. रुळावरून गाडी गेली की गोधडीवर बोटं हलायची. मला कळत होतं, हे परत त्या टपरीवर जाऊन बसलेत. पण भरवलं तर खायचे, चहा तर चवीनं प्यायचे.

आणि गेल्या गुरुवारी मी माती खाल्ली. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो ना, त्यासाठी मोबाइल घेऊन सारिका म्हणून एक बाई घरी आली. भली बाई. चेहऱ्यासमोर मोबाइल धरून म्हणाली, "आबा, डोळे मिटा-उघडा. नाव सांगा बरं तुमचं." हे भिंतीला चिकटले. ती मला म्हणते, "मावशी, आबा मुके हायेत का वो?" माझं डोकंच फिरलं बघ. वर्षभराची दमलेली मी, ओरडले, "मुके न्हाईत! चांगले बोलत्यात! भिमाजी हायेत हे, भाज्याचे, फौजेतले!" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अमृत, पंचावन्न वर्षांच्या संसारात तशी नजर मी पाहिली नव्हती. कोठडीवाल्यांना पाच महिने मारून जे काढून घेता आलं नाही, ते मी त्या मोबाइलपुढे बोंबलून सांगितलं. त्यांच्या लेखी मी फितूर झाले. तेव्हापासून माझ्या हातचं पाणीही ढकलून देतात. सख्ख्या बायकोला भितात रे ते.

साहेबांनीच येऊन परत एकदा सांगावं म्हणून काल लोणावळ्यात तुंगार्लीला त्यांच्या बंगल्यावर गेले. त्यांच्या सूनबाई नीरजाताई दारातच म्हणाल्या, बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तिथंच पायरीवर बसले मी. घरी येऊन कैलासला अर्धंमुर्धं सांगितलं, आबांपुढं उभं केलं, म्हटलं साहेब होऊन बोल. मेला दोन शब्द बोलला आणि हुंदके द्यायला लागला. आबांनी तोंड फिरवलं.

म्हणून तू ये. कैलासच्याच गाडीत बसून ये. पण मुलगा म्हणून येऊ नको. आबा म्हणू नको, पाया पडू नको, डोळ्यांत पाणी आणू नको. बूट घालून ताठ आत ये. तुझी उंची साहेबांएवढी आहे, आणि आवाजातली जरब तर तीन वर्षांपूर्वी ऐकलीच आहे मी. पुढ्यात उभा राहा आणि एवढंच म्हण, भिमाजी, काम झालं, आता बोल. मी चुलीपाशी थांबेन, समोर येणार नाही. मग ते जेवतील की तेवढ्यानंच सुटतील, मला ठाऊक नाही. तुला ओळखतील असं खोटं सांगून बोलावत नाही. पण एकदा मोकळं ओरडू तर दे रे त्यांना. मुक्यानं मरू देऊ नको माझ्या माणसाला.

तुझीच,
आई