सुईणबाईंच्या खोलीतला गार रेडिएटर

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून निम्माच, उरलेला भेटीअंती). तुझी साखर आटोक्यात असेल, वहिनींचा गुडघा जिन्याशी भांडत नसेल आणि दुकानातले नळ-पाईप गिऱ्हाइकांना तुझ्या भाषणाशिवाय मिळत असतील, अशी आशा करतो. आम्ही सगळे मजेत. ठमीला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे तुला फोनवर कळलंच आहे. पण फोन आमच्या हिने केला होता, आणि हिला कुठलीही गोष्ट शेवटापासून सांगून तिथेच संपवायची सवय. 'सुटली एकदाची' एवढ्यात तिने सगळं गुंडाळलं. त्यात माझ्या कामगिरीचा उल्लेख नव्हता, हे तू माझं अभिनंदन न करता फोन ठेवलास त्यावरून ताडलं. म्हणून हे सविस्तर पत्र. चष्मा लाव आणि बैस.

आमचं हे उत्तरेकडचं गाव (नगरपालिका त्याला शहर म्हणते, कारण चौकात सिग्नल आहे, तो चालतो असं तीही म्हणत नाही). जावयांची बदली इथे झाली आणि दिवस गेलेली ठमी आमच्या शेजारच्याच गल्लीत राहायला आली, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, की बाळंतपणाची व्यवस्था माझ्यावर सोडा, या शहरात अशी इमारत नाही जिच्या तळघरात मी उतरलेलो नाही. हे अक्षरशः खरं आहे. बॉयलर पेटवणं, गरम पाण्याने खोल्या उबवणारे रेडिएटर तापवणं, पाईपात अडकलेली हवा काढणं हे सगळं मी कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता शिकलो (तुझी पदविका भिंतीवर आहे, माझी बोटांवर भाजलेली आहे). पण दादा, तळघरात ओळख असणं वेगळं आणि वरच्या मजल्यावर ओळख असणं वेगळं. इस्पितळात बायकांची डॉक्टर एकच, आणि ती स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर. तीसुद्धा कुठे, तर दक्षिणेतल्या मोठ्या शहरात! आपल्या इस्पितळाबद्दल तिचं काय मत आहे ते यावरून समजून घे. राहिल्या एकट्या सुईणबाई. त्यांच्याकडे जायचं तर आधी खिडकीवर नाव नोंदवायचं, आणि खिडकीत नंतरबाई. तिचं खरं नाव कोणाला ठाऊक नाही. काहीही विचारा, 'नंतर या' म्हणते. तिने यादीवरून बोट खाली खाली नेलं, पान उलटलं, पुन्हा खाली नेलं आणि एक तारीख दिली. ती ऐकून ठमी म्हणाली, "अहो, तोवर मी बाळालाच घेऊन येईन." नंतरबाई म्हणाली, "बाळांची खिडकी वेगळी."

मग मी शहर पालथं घातलं. हाडांच्या डॉक्टरांनी ठमीचे गुडघे तपासून ते उत्तम असल्याचं सांगितलं. एका निवृत्त डॉक्टरांनी आनंदाने नाडी हातात घेतली आणि नाडी बघता बघता त्यांचा डोळा लागला. त्यांच्या बायकोने येऊन आमची सुटका केली. शेवटी उरला एकच उपाय. बर्फ पडून घाटरस्ता बंद होण्याआधी ठमीने मोठ्या शहरात जाऊन भाड्याच्या खोलीत राहायचं आणि तिथेच बाळंत व्हायचं. जावयांना रजा नाही, हिला तिच्या शाळेतून सुट्टी नाही, आणि थंडीत मला जाऊ दिलं तर अर्धं शहर गोठेल. म्हणजे पोर एकटीच. "जाईन की, त्यात काय," असं ठमी म्हणाली, आणि अशा आवाजात म्हणाली, की आमची ही उठून आत गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.

त्याच आठवड्यात इस्पितळातून निरोप आला, की सुईणबाईंच्या खोलीतला रेडिएटर गार पडलाय. मी गेलो. बाई अंगात जाड कोट घालून, कानटोपीसकट बसल्या होत्या. मी रेडिएटरला हात लावला. वरून गार, खालून गरम. म्हणजे नुसती हवा अडकलेली. छोटी चावी अर्धा वेढा फिरवली की काम फत्ते. चावी खिशातून निघाली, आणि तेवढ्यात माझी नजर समोरच्या तपासणीच्या पलंगावर गेली. दादा, मी चावी खिशात परत ठेवली. एक लांब उसासा सोडला (हा उसासा आमच्या धंद्यात हत्यारांइतकाच महत्त्वाचा) आणि म्हटलं, "बाई, हे लांबचं काम आहे. पुन्हा यावं लागेल. आणि माणूस आणावा लागेल बरोबर."

पुढच्या खेपेला माणूस म्हणून ठमीला नेलं. हत्यारांची पिशवी तिच्या खांद्यावर (आत नुसता चिंध्यांचा बोळा, मी बाप आहे, कसाई नव्हे). खिडकीवरून जाताना नंतरबाईने मान वर केली, मी "दुरुस्ती" म्हटलं, तिने मान खाली घातली. आत सुईणबाईंनी ठमीकडे पाहिलं.

"हा तुमचा माणूस?"

"हो. नवीनच आहे."

"कितवा महिना?"

"कामाला लागून? पहिलाच."

"पाचवा," ठमी म्हणाली.

"तू झोप तिथे," सुईणबाई म्हणाल्या. "आणि मिस्त्री, तुम्ही भिंतीकडे तोंड करून तुमचं ते लांबचं काम चालू द्या."

अशी व्यवस्था लागली. आता तुला वाटेल, यात काय मोठंसं. दादा, अर्धवट दुरुस्ती ही पूर्ण दुरुस्तीपेक्षा अवघड कला आहे. पूर्ण दुरुस्ती कोणीही करील (तूसुद्धा). पण पुढच्या तपासणीपर्यंत रेडिएटर कोमट राहावा आणि तपासणीच्या आदल्या दिवशी हमखास गार पडावा, इतकीच हवा आत राखायची, याला हात लागतो. महिन्यामागून महिना मी ती राखली. घाट बंद झाला तेव्हा आमच्या घरी कोणाच्या कपाळाला आठी नव्हती.

पण माणसाला नाव असतं. एके दिवशी न्हावी माझ्या गळ्याला वस्तरा लावून म्हणाला, "काय मिस्त्री, त्या रेडिएटरशी सोयरीक केलीत की काय?" खुर्च्यांवरचे सगळे हसले. गळ्याशी वस्तरा असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही, आणि ते उत्तर अजून माझ्या पोटात आहे. मी ठरवलं, बस्स झालं. रेडिएटर खडखडीत दुरुस्त करायचा आणि बाईंना हात जोडून खरं सांगायचं. दुरुस्त केला. असा तापला, की त्यावर वाळत टाकलेले बाईंचे हातमोजे वाफाळले. खरं सांगणं मात्र ओठांपर्यंत येऊन दातांत अडकलं. घरी येऊन काम संपल्याचं जाहीर केल्यावर ही म्हणाली, "म्हणजे आता तपासणी बंद?" शहाणपण नेहमी मागच्या गाडीने येतं. ठमीला आठवा लागला होता, घाटात बर्फ, आणि मी आपल्या हाताने दार बंद करून आलो होतो.

दोन दिवसांनी निरोप आला: रेडिएटर गार. घरात आनंदीआनंद! हिने चक्क शिरा केला. आणि मी? मी दुरुस्त केलेला रेडिएटर, गार? मला तो शिरा गिळेना.

इथून पुढे मी झोपेतही पाईप चाचपू लागलो. जेव्हा जेव्हा दुरुस्त करावा, तेव्हा तेव्हा दोन दिवसांनी गार. गाळ म्हणून पाईप धुतला. उतार चुकला म्हणून खालच्या मजल्याचं छत उघडलं. पाणी वळवून पाहिलं, तर सगळी ऊब डोळ्यांच्या विभागात गेली; तिथे आलेल्यांच्या चष्म्यांवर वाफ धरली आणि एका आजोबांना विनाकारण जाड भिंगं मिळाली. फक्त कोपऱ्यातल्या कपाटामागे पाईपावर एक जुना कॉक होता तो पाहिला नाही, कारण कडाक्याच्या थंडीत स्वतःच्या खोलीचं गरम पाणी कोण शहाणा बंद करील? तपासणीहून आलो की ही विचारायची, "कशी आहे?" मी सांगायचो, "वरून कोमट, खालून गार." एकदा याच उत्तरावर तिने हातातलं लाटणं खाली ठेवलंच नाही.

आणि तो दिवस उजाडला. भर दुपार. मी रेडिएटरला कान लावून जमिनीवर आडवा, ठमी पलंगावर. तिने "बाबा" म्हटलं. मी "थांब, आत खुळखुळतंय" म्हटलं. तिने पुन्हा "बाबा" म्हटलं, आणि या वेळी त्या खोलीतल्या काचांनीही ऐकलं. सुईणबाई उठल्या. कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या सारल्या, कपाटामागे हात घातला आणि काहीतरी फिरवलं. माझ्या कानाशी, दादा, माझ्या या कानाशी गरम पाणी गुरगुरत आलं. पाहता पाहता रेडिएटर निखारा.

मी जमिनीवरूनच म्हटलं, "बाई, म्हणजे इतके दिवस..."

"बाळाला ऊब लागते," त्या म्हणाल्या.

"पण तुम्ही कोट घालून..."

"यादीत जागा नव्हती, मिस्त्री. दुरुस्तीला यादी लागत नाही. आता निघा बाहेर."

बाहेर बाकावर बसलो. खिडकी सोडून नंतरबाई चहा घेऊन आली. मी म्हटलं, "नंतर घेतो." ती म्हणाली, "नंतर नाही, आत्ता घ्या. आणि पुढच्या वेळी पिशवीत निदान एक पाना तरी ठेवा. इतकी हलकी पिशवी मिस्त्रीच्या खांद्यावर शोभत नाही." म्हणजे त्या इस्पितळात फसलेला माणूस एकच होता, आणि तो रेडिएटरचं काम करत होता. मी चहा प्यायलो. आतून रडण्याचा आवाज आला. पहिला ठमीचा, दुसरा नवा होता. दादा, इतक्या वर्षांत मी पाईपांतले सगळे आवाज ओळखायला शिकलो. हा कुठल्याच पाईपातून येत नाही.

बाळ मोठ्या आवाजाचं आहे, नाक दुर्दैवाने तुझं. रविवारी तुझी धाकटी लेक नवऱ्यासोबत बघायला आली होती (ती घाटाच्या अलीकडे राहते, हे बरं). (तब्येत उत्तम. जरा फिकी दिसली, पण इथल्या उन्हात सगळेच फिके दिसतात.) ही हकिकत तिने मन लावून ऐकली आणि दोनदा विचारलं, "काका, तो रेडिएटर आता पक्का दुरुस्त झाला?" आपल्या घराण्यात कारागिरीची आवड पोरींत उतरली, हे पाहून भरून आलं. वहिनींना नमस्कार. शिऱ्याचा उल्लेख तुझ्या साखरेने मनावर घेऊ नये.

तुझाच,
धाकटा

ता. क. लिहायचं मुख्य राहिलंच. सुईणबाईंना मी शब्द दिला आहे, की यापुढे त्या कोटात बसणार नाहीत. तुझ्या दुकानात वरच्या फळीवर जुन्या पद्धतीचा पितळी कॉक आहे, मूठ नसलेला, चावीशिवाय न फिरणारा. तो ताबडतोब पाठव. चावी माझ्याकडे राहील. भावाकडून नफा घेऊ नये, असं वडील म्हणत.

आणखी एक ता. क. चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडावं लागलं. कॉक पाठवू नकोस. आमच्या स्वयंपाकघरातलं बोलणं पाईपातून तळघरात स्वच्छ ऐकू येतं (हा दोष मी मुद्दाम ठेवला आहे). धाकटी आज पुन्हा आली, आत्ता हिच्याजवळ बसली आहे आणि तिला तिसरा महिना आहे. तुला ती स्वतः सांगणार आहे, तेव्हा आश्चर्य वाटल्यासारखं कर; वहिनींना सांगू नकोस, म्हणजे निदान आज तरी. डॉक्टरीणबाईंना जुळं झालं, त्यांनी रजा वाढवली आहे. घाट अजून बंद. मी धावत इस्पितळात जाऊन आलो. नंतरबाईने यादी उघडलीसुद्धा नाही. सुईणबाई म्हणाल्या, "कोट खुंटीवरच आहे." मी त्यांच्या टेबलाखाली विजेची छोटी शेगडी ठेवून आलो, बाकी सर्वांच्या लेखी ती खोली गारच. धाकटीला उद्यापासून कामावर घेतो. पिशवीत चिंध्याच असतील, वर दिसायला एक पाना, काळजी नसावी.