काविळीची माळ

हुपरी

प्रिय ऐश्वर्या,

फोन केला नाही म्हणून आधी रुसून घे. जयसिंगपूरला तुझा फोन वाजला की अख्खं माहेर स्पीकरभोवती बसतं, आणि हे त्यांनी ऐकायचं नाही. मी घाबरलोय गं. चांदीची पैंजणं सांधायचं कामही बंद ठेवलंय.

तू बाळंतपणाला गेलीस आणि माझे डोळे पिवळट दिसायला लागले. कावीळ म्हटलं की आमच्या अव्वाला माळवालाच आठवतो. त्यानं डोक्यावर मुळ्यांची माळ ठेवली. ती लांबत लांबत अंगावरून खाली उतरली की कावीळही उतरली म्हणे. पथ्य एकच, बाकीची औषधं बंद. अव्वा म्हणाली, "बीपीच्याच गोळ्या हायत न्हवं? महिनाभर न्हाय खाल्ल्या तर काय हुतंय?" आपण दोघं एचआयव्हीच्या गोळ्या घेतो हे तिला कुठं ठाऊक! बीपीच्या म्हणून आपणच सांगितलेलं. आता कोणत्या तोंडानं आईला नाही म्हणणार? डबा तिच्या हाती दिला. माळ पोटापर्यंत आली आणि अव्वानं गल्लीत पेढे वाटले.

आधीचा पिवळेपणा किरकोळच होता, खरी कावीळ मग आली. अन्न बघवेना, लघवी चहासारखी. कोल्हापूरला आपल्या गोळ्यांच्या सेंटरवर गेलो तर डॉक्टरबाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. माझ्या रक्तात हिपॅटायटिस बीसुद्धा आहे, कधीपासून कोण जाणे. त्याच गोळ्या त्यालाही दाबून धरत होत्या. मी सोडल्या आणि तो उसळून लिव्हरवर आला. गोळ्या परत सुरू केल्यात, उद्या ॲडमिट व्हायचंय. मरणाची भीती वाटते, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आपल्यासारख्यांच्या वधू-वर मेळाव्यात तुला बघितलं, तेव्हा आता सगळं निभावेल असं वाटलं होतं.

पण पत्र माझ्यासाठी नाही. हा आजार नवऱ्याकडून बायकोला जातो, आईकडून बाळाला. आजच दवाखान्यात जा, हिपॅटायटिस बीची तपासणी करून घे. बाळाला जन्मल्याबरोबर लस आणि इंजेक्शन द्यायचं तर तिथं आधी सांगून ठेवावं लागतं. तुझ्या गोळ्या मात्र कुणी कितीही मायेनं सांगितलं तरी सोडू नकोस. काल अव्वाला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "तुझं ऱ्हाऊ दे, पोरीला कोण सांगणार?" आणि पहाटेच लुगडं बदलून तयार झाली. हे पत्र तिनंच आणलंय. ती एसटीत रडली असेल, तू रडत बसू नकोस. चप्पल घाल आणि तिच्याबरोबर नीघ.

तुझाच,
पारस