कुणी धरलंय का?

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायचंच असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून फाड.

आधी कामाचं सांगतो. एका रुग्णालयाची नोंदणी आम्ही जावा या संगणकभाषेत लिहिलेल्या सिस्टीमवर चालते. खिडकीवर माणूस आला की मेमरीत त्याच्या नावाची एक वस्तू तयार होते. काम संपलं की ती काढायला एक सफाईवाला असतो, गार्बेज कलेक्टर. अकरा वर्षं मी त्याच्या जिवावर जेवतोय, पण तो काम कसं करतो हे परवा पहिल्यांदा नीट पाहिलं आणि थक्कच झालो. अगं, तो कचरा शोधतच नाही! चालू कामापासून निघतो आणि कोण कुणाला धरून आहे ते बघत, डोळ्याचं पातं लवायच्या आत लाखो वस्तूंमधून फिरून येतो. ज्या वस्तूला कुणीतरी धरलंय, ती कितीही जुनी असो, तिला तो हात लावत नाही. माझ्या अंगावर काटा आला.

हे पाहायची वेळ आली, कारण दर मंगळवारी, गर्दीच्या दिवशी, नोंदणी अडायची आणि आजारी माणसं ताटकळायची. मी सगळ्यांच्या कामात खोट काढली. शेवटी मेमरीची प्रत काढली, तर येऊन गेलेला प्रत्येक माणूस एका यादीने धरून ठेवलेला. सफाईवाला बिचारा फिरून फिरून दमलेला. यादी माझीच, चार वर्षांपूर्वी लिहून विसरलेली. दिव्याखाली अंधार! ती दुरुस्त केली, मंगळवार सुरळीत गेला, सगळ्यांनी पाठ थोपटली. मला मात्र आईची खोली आठवत होती.

आई गेल्यावर ती आवरताना जुनं ते कचरा, एवढंच मी धरून चाललो. तिची शिवणाची पेटी भंगारात दिली. तू दारातून रिकामा कोनाडा पाहिलास आणि तशीच निघून गेलीस. पेटीच्या झाकणाआड आई पेन्सिलीने आपल्या दोघांची मापं लिहायची, हे मला माहीत होतं गं. तरी तुला विचारलं नाही.

भंगारवाल्याकडे तीनदा जाऊन आलो. पेटी गेली, ताई. बाकी खोलीला कुलूप लावलंय. किल्ली एकच आहे, ती या पाकिटात आहे. काय राहील, काय जाईल, ते तू ठरव. हवं तर मला आत घेऊ नकोस, मी बाहेर पायरीवर बसेन. मला तेवढं टाकू नकोस.

तुझाच,
ढब्बू