चार वाजताची ओळ

लोणावळा,
दि. ७ ऑगस्ट २०२५

ती. स्व. अंबाजीकाकांस अमृताचा सा. न. वि. वि.

आपणांस पत्र लिहिण्याचा अधिकार मी गमावला आहे, तरी लिहिते, क्षमा असावी. सत्यमदादाच्या दहाव्यालाही मी आले नाही. फोन लावते, पण तुमचा आवाज आला की ठेवून देते.

रिसॉर्टवर रोज चार वाजता पाहुण्यांचा एक फोटो आणि मजेची एक इंग्रजी ओळ इंटरनेटवर टाकणे हे माझे काम. त्यासाठी मौजेचे वाक्प्रचार मी वहीत उतरवून पाठ करते. ‘व्हेल ऑफ अ टाइम’ म्हणजे भरपूर मजा, असे दादाला सांगितले, तेव्हा त्याने विचारले होते, की मास्तरीणबाई, लोणावळ्यात देवमासा कुठून आणलात!

त्या गुरुवारी नवा फोटो नव्हता. म्हणून मंगळवारचा टाकला: दादा तलावात, पाहुण्यांसोबत हसताना. खाली लिहिले, की आमचा जीवरक्षकही ‘हॅविंग द टाइम ऑफ हिज लाइफ’, म्हणजे आयुष्यातली सर्वांत मोठी मौज लुटतो आहे. ओळ साधली म्हणून मी खूश होते. त्याच वेळी दादा एका बुडणाऱ्या पाहुण्याला काठाशी ढकलून स्वतः खाली गेला होता.

आता भरपाई टाळायला मालक दादाच्या मृत्यूच्या चौकशीत तीच ओळ दाखवून सांगतात, की तो कामावर नव्हता, मौज करायला पाण्यात उतरला. फोटो जुना आहे हे फक्त मला ठाऊक आहे. गप्प राहिलीस तर नोकरी राहील, असे मला बजावले आहे.

आपली अपराधी,
अमृता

टाकवे बुद्रुक,
११ ऑगस्ट

चि. अमृतास अंबाजीचा आशीर्वाद.

पोरी, तुजं इंग्रजी आमाला कळत न्हाई. पर गावात म्हणत्यात, अंबाजीचं पोरगं मजा मारताना मेलं. तुजी काकू दाराभाईर पडंना. सत्यम तुजं कवतिक समद्यांना सांगायचा, लय हुशार हाय म्हणायचा. ते तू लिवलंस, आता खरं काय ते बी तूच लिव. मंग घरी ये. त्याच्या आदी नगं.

अंबाजी

लोणावळा

ती. स्व. काकांस सा. न.

मूळ फोटो तारखेसह आणि माझा जबाब चौकशी अधिकाऱ्यांकडे पाठवला. जबाब मराठीतच लिहिला. ‘तो हसत होता, पण मंगळवारी’ या एका वाक्याला सर्वांत जास्त वेळ लागला. मालकांना मीच सांगितले. त्यांनी खोली रिकामी करायला सांगितली आहे. वही इथेच ठेवून येते. हे पत्र गावाकडच्या गाडीने आजच पुढे पाठवते, उद्या सकाळी दारात उभी राहीन. आत घ्यावे की नाही, हे काकूंनी ठरवावे.

तुमची,
अमृता

ता. क. जबाब पाठवला: गुरुवार, दि. १४ ऑगस्ट २०२५, दुपारी ठीक चार वाजता.